अडकलं की हलायचं नाही

त्या इमारतीत काकींचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. लिफ्टमनची बायको म्हणून त्या आल्या, आणि लिफ्टमनला सगळे काका म्हणत म्हणून त्या काकी झाल्या. वरच्या मजल्यांवरची मुलं लहानाची मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांची मुलंही काकीच म्हणायला लागली. नावावाचून काही अडत नाही म्हणा. देवालाही माणसं हजार नावांनी हाका मारतात, तो एकाही नावाला ‘मी तो नव्हे’ म्हणत नाही.

काकींची खोली तळमजल्यावर, लिफ्टच्या पाठीला पाठ लावून. नोकरीबरोबर मिळालेली. खोलीला दार एक, तेही जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात उघडणारं. खिडकी नाही. भिंतीत अगदी वर एक झरोका होता, पण तो बाहेर उघडत नव्हता, लिफ्टच्या पोकळीत उघडत होता. त्यातून उजेड यायचा नाही. यायचा तो ग्रीसचा वास आणि वजनाचा आवाज. लिफ्ट वर गेली की तिचं तोलाचं लोखंडी वजन खाली यायचं आणि भिंतीपलीकडे धप्प करून थांबायचं. लिफ्ट खाली आली की वजन वर.

नव्या नवलाईच्या दिवसांत काकी दर धपक्याला दचकायच्या. मग दचकणं सुटलं. पुढेपुढे तर असं झालं की सकाळी जपाला बसल्या की नाव त्याच ठेक्यात यायचं. वजन खाली, एक नाव. वजन वर, एक नाव. पाचव्या मजल्यावर कोणी लिफ्टचं दार उघडं धरून गप्पा मारत उभं राहिलं, की खाली काकींचा जप अडायचा. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. देवाला ठाऊक होती, तेवढं पुरे.

त्या खोलीत धुतलेले कपडे वाळायचे, पण कोरडे व्हायचे नाहीत. अंगात घातले की दुसऱ्या कोणाचातरी गार हात पाठीवर ठेवल्यासारखं वाटायचं. काकींना आयुष्यात कधी दागिना हवासा वाटला नाही. दोरीवर उन्हात फडफडणारी एक चादर हवी होती. माणसाच्या इच्छा किती लहान असतात, आणि त्या लहान असतात म्हणूनच कोणी मनावर घेत नाही.

काका म्हणजे सरळ माणूस. सरळ म्हणजे अगदी उभ्या रेघेसारखा. सडसडीत अंग, खाकी शर्टाची गळ्याची गुंडी कायम लावलेली, केस पाणी लावून बसवलेले. जुन्या लिफ्टला जाळीची दोन दारं होती, आत एक लाकडी स्टूल आणि फिरवायचा पितळी दांडा. काकांनी त्या दांड्याला हात लावून, दाराकडे तोंड करून आयुष्य काढलेलं. त्यामुळे दाराकडे पाठ करून त्यांना बसताच यायचं नाही. घरी जेवायला बसले तरी दाराकडे तोंड. कोणाच्या लग्नाला गेले तरी हॉलच्या दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाट करून द्यायचे. काकींची थोरली बहीण तोंडाची फटकळ. ती म्हणायची, “पाहुणे, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आत जाणार नाही. दार धरून उभे राहाल आणि लोकांना आत सोडाल.”

काका हसायचे. दार धरण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. इमारतीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि घाबरट पोरांना लिफ्टमध्ये पाऊल टाकायची भीती वाटायची, खालची फट दिसायची ना. तेव्हा काका तळहात पुढे करून म्हणायचे, “सावकाश. मी धरलंय.” त्या तीन शब्दांवर कितीतरी माणसं आयुष्यभर वरखाली गेली.

आता त्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

लग्नाला फार काळ झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत काका आणि वरच्या मजल्यावरचा एक तरुण भाडेकरू, नोकरीच्या मुलाखतीला निघालेला, घाईतला. काका म्हणाले, थांबा, मेकॅनिक येतोय. तो म्हणाला, काय काका, एवढीशी तर फट आहे, सरकतो बाहेर. अर्धा बाहेर गेला आणि लिफ्ट सुटली. त्यापुढचं काकांनी कधी सांगितलं नाही आणि काकींनी कधी विचारलं नाही. खाकी शर्ट धुताना जे कळायचं ते त्यांना कळलं.

तेव्हापासून काकांचा नियम झाला. अडकलं की हलायचं नाही. घाबरायचं नाही, आतल्या माणसांना घाबरवायचं नाही, शांत बसायचं, वरून कोणीतरी येतंच. लिफ्टपुरता तो नियम सोन्यासारखा होता. पण काकांनी तो घरात आणला, आणि सोन्याची असली म्हणून बेडी काही बांगडी होत नाही. दिवे गेले, हलायचं नाही. दुसऱ्या इमारतीत खिडकीवाली खोली मिळत होती, आहे तिथं बरं आहे, हलायचं नाही. काकींची आई अंथरुणाला खिळली तेव्हा वादळानं रस्ते बंद झाले होते. थोरली बहीण कोणाच्यातरी मालवाहू गाडीत बसून पोचली. काका म्हणाले, “रस्ता उघडू दे, मग जाऊ. मध्येच कुठं अडकलीस तर?” रस्ता उघडला. तोवर आई राहिली नव्हती. फोन ठेवला तेव्हा भिंतीपलीकडे वजन खाली आलं, आणि काकी भाजी चिरायला बसल्या. आणखी काय करणार होत्या?

बहिणीने ते मनात ठेवलं. काकींनी देवाच्या पायाशी ठेवलं, असं त्यांना वाटायचं. पण देव काही गोष्टी ठेवून घेत नाही. ज्याच्या त्याला परत करतो, वेळ आली की.

मग इमारतीने नवी लिफ्ट आणली. बटणांची, आरशाची. दार आपोआप उघडायचं, आपोआप लागायचं, आणि आतून एक बाई गोड आवाजात मजला सांगायची. जाळीची दारं भंगारात गेली. काकांनी स्टूल तेवढं मागून घेतलं. चार दिवसांनी इमारतीचा मॅनेजर बोळात येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता.

“काका, तुम्हाला जा म्हणायला जीभ रेटत नाही,” तो म्हणाला. “फाटकावर बसा, येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवा, खोली राहू दे तुमच्याकडे. नाहीतर महिनाअखेर मोकळी करा. पंप बसवायचेत तिथं. काय ते सांगा मला.”

“बघू,” काका म्हणाले.

काकांचं ‘बघू’ म्हणजे न बघण्याची सुरुवात, हे काकींइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन. ती समुद्राकाठच्या एका वाडीत राहायची. नवरा गेला होता, मासेमारांची फाटकी जाळी विणून द्यायची आणि एकटी राहायची. “चिमणे, ऐक,” ती म्हणाली. लहानपणापासून ती काकींना चिमणीच म्हणायची. “माझी मागची खोली रिकामी आहे. दवाखान्यातली नर्स मागे लागलीय, द्या म्हणून. मी तिला सांगितलंय, आधी माझ्या बहिणीला विचारते. दोन खिडक्या आहेत. पण मी त्या बाईला किती दिवस टांगून ठेवू?”

दोन खिडक्या. काकींनी फोन ठेवला आणि झरोक्याकडे पाहिलं. उरलेलं आयुष्य या भिंतीशी पाठ लावून काढायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्याचं उत्तर द्यायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना तेव्हा वाटत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “राहायचं नाही हो. नुसतं बघून येऊ.”

कसे कोण जाणे, काका हो म्हणाले. बसमध्ये दारापाशीच्या जागेवर बसले. प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्या बायकांच्या पिशव्या धरल्या. कंडक्टर हसून म्हणाला, “काका, नोकरी जाते की काय माझी.”

बहिणीची मागची खोली लहान होती, पण दोन्ही खिडक्या खऱ्या होत्या. एक अंगणाकडे उघडायची, दुसरी खारफुटीच्या रानाकडे. रान म्हणजे चिखलात उभी असलेली काळपट हिरवी गर्दी, बुंध्यांभोवती जमिनीतून वर आलेली बोटांएवढी मुळं, हजारोंनी. चिखलाला श्वास घ्यायला नाकं फुटावीत तशी. काकींनी ती खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

“मोडेल गं,” बहीण म्हणाली. “खिडकीच आहे, कुठं पळून जात नाही.”

अंगणात दोरीवर चादर वाळत होती. काकींनी तिला गाल लावून पाहिला. करकरीत. काका अंगणाच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी ते दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाले, “बिजागरीला तेल हवंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण म्हणाली, “चला, आमचा समुद्र दाखवते. तिथं कोणी येत नाही. गाडीला वाट नाही, खायला काही मिळत नाही, चिखल तुडवावा लागतो. ज्याला नुसता समुद्रच हवा, तोच येतो. म्हणजे मी.”

रानातून एक मातीचा बांध गेला होता, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढा अरुंद. दोन्ही बाजूंना चिखल, चिखलात टुणटुण उड्या मारणारे डोळे वटारलेले मासे, आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले इवले खेकडे. सगळं रान काहीतरी कुजबुजत असल्यासारखा बुडबुड्यांचा आवाज. बांध संपला तिथं खाडीचा एक फाटा आडवा होता, घोटाभर पाण्याचा. पलीकडे वाळूचा लांब पट्टा, आणि त्याच्या पलीकडे समुद्र.

बहीण बांधावरच थांबली. “माझ्याकडे जाळं न्यायला माणूस यायचाय, मी फिरते मागं. नीट ऐका. फाट्यात ती काठी दिसते ना, पांढरं फडकं बांधलेली? तिच्या डाव्या अंगानं चालायचं, उजवीकडे खोल आहे. आणि फडक्याला पाणी लागायच्या आत परत फिरायचं. इकडे समुद्र समोरून येत नाही, मागून येतो. समोर बघत बसाल आणि मागून घर बुडेल.”

“मी लक्ष ठेवतो,” काका म्हणाले. लक्ष ठेवणं हा त्यांचा धर्मच होता.

वाळूवर एकाही माणसाचं पाऊल नव्हतं. काकी आधी उगीच थबकल्या, सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवताना थबकतात तशा. मग निघाल्या. समुद्र त्यांनी याआधी पाहिला होता तो बसच्या काचेतून, जाताजाता. हा समोर होता आणि कुठं जात नव्हता. लाट यायची, पायाखालची वाळू थोडी ओढून न्यायची, पायाला गुदगुल्या व्हायच्या. त्या हसल्या. आजूबाजूला पाहिलं, कोणी नाही. मग जरा मोठ्यानं हसल्या. देवाचं नाव घ्यायला गेल्या तर ते ठेक्यात बसेना. लाटेला वजनासारखा हिशोब नव्हता, ती मनाला येईल तेव्हा यायची. नाव सांडत राहिलं, आणि काकींनी सांडू दिलं.

शिंपले ओंजळभर झाले, मग दोन्ही हात भरले. किती लांब आलो याचं भान त्यांना राहिलं नाही. वळून पाहिलं तेव्हा काका दूर ठिपक्याएवढे दिसले. समुद्राकडे पाठ करून, फाट्याकडे तोंड करून. अगदी लिफ्टमध्ये उभे असल्यासारखे. काकींना हसू आलं. म्हणजे लक्ष आहे त्यांचं, मनाशी म्हणाल्या, आणि सावकाश परत निघाल्या.

जवळ आल्या तेव्हा काका एका वाहून आलेल्या ओंडक्यावर बसले होते. त्यांनी सरकून शेजारी जागा केली.

“बस.”

“निघायचं ना? ताई वाट बघत असेल.”

“बसू थोडं. मजेत बस.”

काकींच्या हातातले शिंपले जड झाले. हा आवाज त्यांनी झरोक्यातून ऐकला होता. लिफ्ट अडकली की आतल्या माणसांशी काका याच आवाजात बोलायचे, मऊ, गुळगुळीत, जसं काही झालंच नाही. त्यांनी फाट्याकडे पाहिलं. घोटाभर पाणी होतं तिथं तपकिरी पाण्याचा रुंद पट्टा सरकत होता. काठीचं टोक तेवढं वर होतं. फडकं पाण्याखाली.

“अहो, हे कधी झालं?”

“झालं मघाशी.”

“मघाशी म्हणजे? तुम्ही बघत होतात ना?”

“बघत होतो. एकदम चढलं. हाक मारली असती तर तू घाबरून पळत आली असतीस.” त्यांनी ओंडक्यावर हात थोपटला. “घाबरायचं नाही. अडकलं की हलायचं नाही. ताईंना कळेल, होडी पाठवतील. वरून कोणीतरी येतंच.”

“इथं वर कोण आहे?”

“बस,” काका म्हणाले.

आणि काकी बसल्या. हे सांगायला त्यांना पुढे लाज वाटायची, पण त्या बसल्या. पायांना तेच ठाऊक होतं. शेजारी शेजारी दोघं, समोर चढता फाटा, मागे समुद्र. वाळूचा पट्टा मगाशी केवढा होता, आता अंगणाएवढा राहिला. समोरच्या रानातली बोटांएवढी मुळं एकेक करून बुडाली. बुडबुड्यांची कुजबुज थांबली आणि एक जाड शांतता पसरली, काकींच्या ओळखीची. दिवे गेले की खोलीत पसरायची तीच. एवढं मोकळं आभाळ डोक्यावर असून त्यांना वाटलं, आपण खोलीतच बसलोय. खोली आपण बरोबर घेऊन आलोय.

त्यांनी डोळे मिटून देवाचा धावा केला. आणि नाव घेताना कान कशाची तरी वाट बघायला लागले. कशाची, ते त्यांना जरा वेळाने कळलं. धपक्याची. भिंतीपलीकडे वजन पडेल आणि पुढचं नाव घेता येईल, याची. इथं काही पडणार नव्हतं. इथं नुसतं चढत होतं.

पाय गार लागले म्हणून त्यांनी डोळे उघडले. पाणी ओंडक्यापाशी आलं होतं. समोरच्या झाडांवर चिखलातले ते इवले खेकडे बुंध्याला धरून वर चढत होते, एकामागे एक, नांग्या सावरत, न भांडता.

“अहो,” काकी म्हणाल्या, “खेकडेसुद्धा हललेत.”

त्या उठल्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं. काकांची पकड एवढी घट्ट असते हे त्यांना माहीत नव्हतं.

“तोही असंच म्हणाला होता,” काका म्हणाले. तो गुळगुळीत आवाज कुठंतरी गेला होता. “एवढीशी तर फट आहे म्हणाला. मी त्याची पिशवी धरली होती. पिशवी माझ्या हातात राहिली.”

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा बोलले. काकींना क्षणभर वाटलं, बसावं पुन्हा. या माणसाला एकट्याला टाकून कुठं जायचं? मग पाणी पोटरीला लागलं.

“ती लिफ्ट होती हो,” त्या म्हणाल्या. “तुमचं तेव्हा बरोबर होतं. पण पाण्याला मेकॅनिक नसतो.” आणि मग, रागाने नाही, आठवलं म्हणून म्हणावं तसं, “आईच्या वेळीही मी बसलेच होते.”

काकांची पकड सैल झाली. शिंपले कधी पडले कोणाला कळलं नाही. काकींनी कपडे वर खोचले, चपला एका हातात घेतल्या, देवाचं नाव घेतलं आणि फाट्यात पाऊल टाकलं. धावा देव ऐकतो, पण पाय आपले आपणच उचलायचे असतात. काठीच्या त्याच अंगाने, येताना डावं होतं ते आता उजवं. चिखल पाऊल धरून ठेवायचा आणि नाइलाजाने सोडायचा. गुडघा, मांडी, कंबर. पाण्याला ओढ होती. मधोमध आल्यावर त्यांनी वळून पाहिलं. काका काठावर उभे होते, ताठ, गळ्याची गुंडी लावलेली. दार उघडं आहे आणि आत जाणारं कोणी नाही, अशा वेळी उभे राहायचे तसे.

ओरडून उपयोग नव्हता. ओरडणाऱ्या माणसाचं ते कधीच ऐकत नसत. काकींनी तळहात पुढे केला.

“सावकाश,” त्या म्हणाल्या. “मी धरलंय.”

काका आले. डोळे काठीवर नाही, फाट्यावर नाही, त्या तळहातावर ठेवून आले. लहान मूल लिफ्टमध्ये पाऊल टाकतं तसे. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, पण ते थांबले नाहीत. पलीकडच्या बांधावर चढले तेव्हा दोघंही कमरेपर्यंत चिखलाने काळी झाली होती.

आणि तेवढ्यात रानाच्या वळणावरून एक होडी आली. पुढे बहीण उभी, मागे जाळं न्यायला आलेला मासेमार वल्हं मारत.

“अगं चिमणे,” बहीण बांधावर येऊन पाहते तो दोघं भिजून चिंब. “फडकं बुडेपर्यंत काय करत होतात तिथं? असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, म्हणून बसला होतात की काय, पाहुणे?”

काकांनी होडीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना ताठपणा परत आला. “बघ,” ते काकींना म्हणाले, “येतच होती. बसलो असतो तरी आली असती.”

काकींनी पलीकडे पाहिलं. वाळू दिसत नव्हती. ते बसले होते तो ओंडका सुटून तरंगत निघाला होता.

संध्याकाळी जेवताना काका दाराकडे तोंड करून म्हणाले, “ताई, ती खोली नर्सबाईंना देऊन टाका. उगीच टांगून ठेवू नका त्यांना. आम्ही उद्या निघतो. मोकळ्या जागेत माणूस कसं अडकेल याचा नेम नाही. तिथं निदान भिंत तरी आहे.”

बहिणीने काकींकडे पाहिलं. काकी ताटातलं निमूट संपवत होत्या. बहिणीने तोंड उघडलं आणि, आयुष्यात क्वचित करायची ती गोष्ट केली, तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी बस आली. काका चढले, दारापाशीची जागा धरली, शेजारी रुमाल टाकला. काकींनी खालून त्यांची पिशवी वर दिली. स्वतःची पिशवी पायाशी तशीच होती.

“चढ ना.”

“खोली नर्सबाईंना द्यायची नाही,” काकी म्हणाल्या. “मी घेतलीय.”

काकांना आधी कळलंच नाही. “अगं, बस सुटेल.”

“सुटू दे. मॅनेजरला सांगा काय ते. मग या. यायचं असेल तर.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील. मी काय तुम्हाला सोडलंय? खोली सोडलीय.”

कंडक्टर घाईत होता. “बाई, येताय का? दार लावू दे.” मग आत बघून म्हणाला, “काका, हात काढा, दार लागत नाहीये.”

काकांचा हात दाराच्या कडेवर होता. सवयीने धरलेला, येणाऱ्याला वाट राहावी म्हणून. त्यांनी हाताकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं, आणि हात काढला. दार लागलं.

आता यापुढे काकी सुखात राहिल्या असं लिहायला कोणाला आवडणार नाही? पण सुख काही खिडकीतून आपोआप आत येत नाही. पहिले कितीतरी दिवस त्या दोन्ही खिडक्या लावूनच बसायच्या. उजेड डोळ्यांना टोचायचा. स्वयंपाक दोघांचा व्हायचा आणि दुपारी पुन्हा तोच खावा लागायचा. जपाला बसल्या की नाव अडायचं. वाडीतल्या बायका पाण्यावर भेटल्या की जरा जास्तच गोड बोलायच्या. बहीण म्हणायची, “रडायचं तर खिडकी उघडून रड गं. खोलीत ओल धरते.” काकी जाळी विणायला शिकल्या. गाठ मारताना त्यांना वाटायचं, भिंत मागे राहिली, पण भिंतीला टेकायची सवय पाठीबरोबर आलीय. ती कुठं धुवायची आणि कोणत्या दोरीवर वाळवायची?

काका फाटकावर बसायला लागले होते. इमारतीतली झाडूवाली फोनवर सांगायची, “काकी, काका स्टूल घेऊन बसतात, पण फाटकाकडे नाही हो, नव्या लिफ्टकडे तोंड करून. तिचं दार आपोआप उघडलं की उठून उभे राहतात.” काका स्वतः फोन करायचे तो दुपारी, खोलीतून.

“जेवलीस?”

“हो. तुम्ही?”

“हो.”

मग दोघं गप्प. त्या गप्प बसण्यात पलीकडून नव्या लिफ्टचं वजन खाली यायचं, जुन्यापेक्षा मऊ, पण तेच. काकींना शरम वाटायची, पण खरं ते खरं. तो धपका ऐकू यावा म्हणून त्या फोन थोडा जास्त वेळ कानाला धरून ठेवायच्या, आणि मनातल्या मनात एक नाव घ्यायच्या.

असाच एका दुपारी फोन आला. जेवलीस झालं, तुम्ही झालं. मग वजन आलं, गेलं, पुन्हा आलं. काका काही फोन ठेवेनात.

“ते फडकं,” ते म्हणाले, “नवीन बांधलं का कोणी?”

“ताईने बांधलं. लाल.”

“हं. लाल बरं दिसतं लांबून.” पलीकडे वजन पुन्हा खाली आलं. “तिथं पाणी कधी उतरतं?”

“घरापर्यंत येत नाही हो पाणी. बस दारापाशी थांबते.”

“तरी. माहीत असावं.”

“रोज वेळ बदलते त्याची.”

“रोज बदलते,” काका म्हणाले. लिफ्टचे मजले रोज जागा बदलतात असं कोणी सांगावं, तसा त्यांचा आवाज झाला. “मग माणसानं यायचं कसं?”

काकींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. रानाकडची खिडकी लावलेली होती. त्यांनी ती उघडली. इथून झाडं दिसत होती, मुळं दिसत नव्हती.

“विचारून यायचं,” त्या म्हणाल्या. “थांबा. बघून सांगते.”

फोन तसाच खिडकीत ठेवून त्या चपला न घालता बांधाकडे निघाल्या.